परसदाराची लांबी-रुंदी आणि सावलीचे तास

अमळनेरहून एका वाचक भगिनींनी पाठवलेले पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

"आमच्या घराचे तोंड पूर्वेला आहे. मागच्या बाजूला स्वयंपाकघराच्या भिंतीपासून पश्चिमेच्या कंपाउंडपर्यंत १४ फूट आणि दक्षिणोत्तर २० फूट अशी मोकळी जागा आहे. तिला तिन्ही बाजूंनी ६ फूट उंचीची, चुना दिलेली भिंत आहे. मागचे दार दक्षिणेच्या टोकाला आहे. दार उघडले की समोर नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात धुण्याचा ओटा आणि पाण्याची टाकी दिसते. वायव्येच्या कोपऱ्यात शेवग्याचे जुने झाड आहे. पावसाळ्यात चिखल होतो म्हणून सहा वर्षांपूर्वी आम्ही सगळीकडे कोबा करून घेतला. आता तेथे जुने पत्रे, मुलांच्या मोडक्या सायकली, वाळलेल्या कुंड्या असे सामान साचले आहे. सगळी जागा एका नजरेत संपते आणि दार पुन्हा लावून घ्यावेसे वाटते. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. गावाकडच्या घरी त्यांचा सगळा दिवस परसदारी जायचा. इथे मी त्यांना मागे मोकळ्या हवेत बसा म्हटले, की त्या म्हणतात, 'आठे बसाले जागाच कोठे शे?' माझ्या मिस्टरांचे म्हणणे असे, की शेवगा पावसाळ्यात अळ्यांनी भरतो, तो काढून टाकावा आणि वर पत्रे टाकून सामानाची खोली करून घ्यावी. मला ते पटत नाही, पण दुसरे काय करावे हेही सुचत नाही. खर्च बेताचाच करता येईल. ही जागा मोठी वाटावी आणि तिथे बसावेसे वाटावे यासाठी काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील सासूबाईंचे वाक्य मी दोनतीनदा वाचले, कारण आपल्या अडचणीचे नेमके उत्तर त्या वाक्यातच आहे. आपल्या मागच्या दारी २८० चौरस फूट जागा आहे, म्हणजे दहा बाय बाराच्या दोन खोल्या मावून वर थोडी उरेल इतकी. सासूबाई जेव्हा बसायला जागा नाही म्हणतात, तेव्हा त्या लांबी-रुंदीविषयी बोलत नाहीत. सावली कोठे आहे, पाठ टेकायला काय आहे आणि पायाखाली काय आहे, असे त्या विचारत असतात. आपल्या खानदेशात मार्च ते जूनपर्यंत ऊन असे तापते, की पारा ४५ अंशांपर्यंत गेला तरी आपल्याला त्याचे नवल वाटत नाही. अशा प्रदेशात ज्या कोब्यावर सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत अनवाणी पाऊल टाकता येत नाही, तो कोबा त्या आठ तासांपुरता आपल्या मालकीचा नसल्यासारखाच आहे. म्हणून जागा मोठी दिसण्याच्या युक्त्यांकडे आपण नंतर वळू. आधी ती दिवसाचे अधिक तास वापरता येईल असे करू, कारण ज्या जागेत माणसे दिवसभर वावरतात ती जागा घरच्यांना कधीच लहान वाटत नाही.

माझ्या आईचे माहेर पारोळ्याचे. त्या घराचे परसदार आपल्यापेक्षाही अरुंद होते, पण घरातली आठदहा माणसे तेथे सहज सामावत असत. आजीची बाज दिवसातून तीनदा हलत असे: सकाळी घराच्या सावलीत, दुपारी मांडवाखाली आणि उन्हे कलल्यावर मागच्या भिंतीला लागून. सारवलेल्या जमिनीवर बाजेच्या खुरांचे खळगे पडले होते, तीन ठिकाणी चार-चार. पोतेरे फिरवताना आजी ते खळगे कधी बुजवत नसे, त्यामुळे अंधारातसुद्धा बाज बरोबर जागेवर ठेवता येई. त्या परसदाराचा नकाशा कोणी कागदावर काढला नव्हता. तो सावलीने काढला होता आणि आजीने तो नुसता पाळला.

आपणही तोच नकाशा काढून घ्यावा. एखाद्या रविवारी सकाळी आठला, दुपारी बाराला आणि साडेचारला खडूने कोब्यावर सावलीची कड आखावी आणि शेजारी वेळ लिहावी. आपले घर पूर्वाभिमुख असल्याने सकाळी घराचीच सावली मागे पडेल आणि साधारण दहापर्यंत घराजवळचा भाग बसण्याजोगा राहील. दुपारी मात्र उन्हाळ्यात कोणतीच भिंत उपयोगी पडत नाही. आपला भाग कर्कवृत्ताच्या थोडा दक्षिणेला, २१ अंश अक्षांशाच्या आसपास येतो, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एके दिवशी भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या काठीचीसुद्धा सावली पडत नाही. त्या वेळी उपयोगी पडते ते फक्त डोक्यावरचे आच्छादन. त्याच मे महिन्यात साडेचारच्या सुमारास मात्र आपल्या पश्चिमेच्या ६ फुटी भिंतीची सावली जवळजवळ ९ फूट आत आलेली असते, म्हणजे १४ पैकी ९ फूट आपसूक निवतात. हिवाळ्याचा हिशेब वेगळा आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दुपारी बाराच्या पुढेमागे ४५ अंशांच्या आसपास असतो, म्हणून दक्षिणेच्या ६ फुटी भिंतीची सावली ६ फुटांपर्यंतच येते आणि उत्तरेकडचा भाग उबदार उन्हात राहतो. थोडक्यात, तुमच्या जागेत सकाळची, दुपारची, संध्याकाळची आणि हिवाळ्याची अशा चार वेगवेगळ्या बैठकी आधीपासूनच आहेत. त्यांपैकी फक्त दुपारची तेवढी आपल्याला बांधून घ्यायची आहे.

ती बैठक म्हणजे मांडव. आपल्या यजमानांना पत्रे टाकावेसे वाटतात त्यामागे सामान भिजू नये ही काळजी आहे, आणि ती रास्तच आहे. पण सगळ्या जागेवर पत्रा घातला, तर तो दिवसभर तापून खाली उष्णता सोडत राहील, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने जो काही वारा आत येतो तो बंद होईल आणि आज जे घर बाहेरून तापते ते मागूनही कोंडेल. वेलीचे पान तापत नाही, कारण ते सतत पाणी बाहेर टाकत असते, म्हणून मांडवाखालची सावली आणि पत्र्याखालची सावली यांत अंगाला जाणवणारा फरक पडतो. शिवाय आपल्या घराची मागची भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपारनंतरचे सगळे ऊन ती झेलते आणि रात्री दहापर्यंत स्वयंपाकघरात परत करते. मांडव या भिंतीला लागून घातला, तर बसण्याची सोय होईलच आणि पोळ्या लाटणाऱ्या व्यक्तीलाही थोडा श्वास घेता येईल.

मांडव दाराच्या टोकापासून उत्तरेकडे १२ फूट लांब आणि भिंतीपासून ७ फूट रुंद असावा. उंची ८ फुटांपेक्षा कमी ठेवू नये, नाहीतर वेल लोंबू लागले की डोक्याला लागतात आणि खाली कोंदट वाटते. खांब लोखंडी पाइपाचे घ्यावेत, वरची आडवी ताटी बांबूची चालेल. संपूर्ण परसदार झाकण्याचा मोह मात्र टाळावा. मांडवाच्या गार सावलीत बसून पुढच्या उजळ भागाकडे पाहिले, की तो भाग आहे त्यापेक्षा दूर वाटतो. जुन्या वाड्यांच्या ओसरीतून चौकाकडे पाहताना हाच अनुभव येतो. सगळेच झाकले तर हा फरक उरत नाही आणि जागा पुन्हा खोलीसारखी होते. उत्तरेकडचा उरलेला ८ फुटांचा पट्टा आकाशाखाली मोकळा राहू द्यावा. तेथे उन्हाळ्यात बिबड्या, कुरडया, पापड वाळतील, हिवाळ्यात कोवळे ऊन मिळेल आणि तुळशीलाही तीच जागा मानवेल.

मांडवावर चढवण्यासाठी मी मधुमालती सुचवेन. आपल्या उन्हाळ्यात ती तग धरते, वेगाने पसरते, आणि तिची फुले पांढरी उमलून पुढच्या दिवसांत गुलाबी आणि मग लाल होत जातात, त्यामुळे एकाच घोसात तीन रंग दिसतात. सुवास रात्री अधिक येतो. वेल दाट झाला की दिवाळीनंतर त्याची चांगली छाटणी करावी, म्हणजे थंडीत ऊन खाली उतरेल आणि उन्हाळ्यापर्यंत नवी पालवी येईल. लावल्याबरोबर पहिल्या उन्हाळ्यात वेल काही सावली देणार नाही. त्या वर्षापुरते बांबूंवर शेडनेट किंवा गावाकडून आणलेल्या तुराट्यांची ताटी पसरावी. पावसाळ्यात जोडीला गिलक्याचा किंवा दोडक्याचा वेल सोडला तर भाजीचीही सोय होईल.

आता पायाखालच्या जमिनीविषयी. आपण चिखलाला कंटाळून कोबा केला, यात आपले काही चुकले असे मी म्हणणार नाही. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसाळ्यात चप्पल ओढून घेते. पण सर्व जमीन झाकल्याने तीन गोष्टी झाल्या. दिवसभराची उष्णता कोब्यात साठते आणि संध्याकाळी तीच वर येते. पावसाचे पाणी जिरत नाही. आणि कोठेही हिरवे काही उगवायला वाव राहत नाही, म्हणून सगळे कुंड्यांत लावावे लागते आणि कुंड्या चार दिवस गावाला गेले की वाळतात. तरीही सगळा कोबा फोडू नका. घराच्या भिंतीलगतचा ३ फुटांचा पट्टा आणि धुण्याच्या ओट्याभोवतीचा भाग तसाच ठेवावा. काळ्या मातीत घराच्या पायाशी पाणी मुरत राहणे धोक्याचे असते, आणि तो पट्टा ते पाणी पायापासून लांब ठेवतो. याच कारणाने मोठे झाडही घराच्या भिंतीजवळ लावू नये. मधुमालतीसुद्धा भिंतीच्या बुंध्याशी न लावता मांडवाच्या बाहेरच्या खांबांशी लावावी आणि तेवढ्यापुरता दोन-दोन फुटांचा चौकोन फोडून घ्यावा.

बाकी कोबा दोन ठिकाणी फोडावा. पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या भिंतींना लागून अडीच-तीन फुटांची पट्टी मोकळी करावी आणि त्यात काळ्या मातीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळून भरावे. दुसरे काम माझ्या दृष्टीने आपल्या जागेत सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

आपण दारात उभ्या राहिलात की नजर सरळ समोर जाते आणि १४ फुटांवर टाकीला आणि धुण्याच्या ओट्याला अडते. म्हणजे आपण रोज आपल्या जागेची आखूड बाजूच पाहता, आणि तीही सर्वांत कमी देखण्या कोपऱ्यात संपणारी. आता दारातच उभे राहून मान उजवीकडे वळवा आणि तिरके शेवग्याकडे पाहा. दारापासून त्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर साडेचोवीस फुटांच्या जवळ भरते. या जागेत यापेक्षा लांब सरळ रेघ काढताच येत नाही. ही जी कर्णाची रेघ आहे, तीच आपली पायवाट करावी. अडीच फूट रुंदीची पट्टी तिरकी फोडून घ्यावी, खालची माती सहा इंच काढून तेथे मुरूम ठोकून बसवावा, वर दीड-दोन इंच वाळू पसरावी आणि तीवर भाजक्या विटा आडव्या, सिमेंट न भरता, अगदी जवळजवळ लावाव्यात. चौरस फुटाला चार विटा धरल्या तर सुमारे अडीचशे विटा लागतील. काळी माती फुगली-आकसली तरी सुट्या विटा तेवढ्यापुरत्या वरखाली होतात आणि पुन्हा बसवता येतात. सिमेंटात जखडलेली फरशी मात्र तडकते. विटेचा आणखी एक गुण असा, की संध्याकाळी तिच्यावर सडा टाकला तर ती पाणी पिते आणि बराच वेळ गार राहते. अंगणात पाणी शिंपडल्यावर येणारा जो वास आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे, तो कोब्याने घालवला, आणि विटेने तो काही अंशी परत येईल. फोडलेल्या कोब्याचे तुकडे फेकू नयेत. पुढे ज्या बैठकीविषयी लिहिले आहे, तिच्या भरावात ते कामी येतील.

नजर तिरकी वळावी यासाठी समोरचे दृश्य थोडे झाकायला हवे. धुण्याच्या कोपऱ्यापुढे, पश्चिमेच्या भिंतीपासून साधारण ५ फूट अलीकडे, दक्षिणेच्या भिंतीला टेकवून ६ फूट लांबीची आणि साडेपाच फूट उंचीची बांबूची किंवा लोखंडी जाळीची आडोशाची ताटी उभी करावी. तिच्या उत्तरेच्या टोकाकडून वळसा घालून धुण्याकडे जाता येईल. ताटीवर गोकर्णाचा वेल सोडावा. तिच्यामागे टाकी, बादल्या, कपड्यांची दोरी आणि जे काही जुने सामान ठेवणे खरोखर आवश्यक आहे ते राहील. तेथे यजमानांच्या समाधानासाठी भिंतीला लागून तीन-चार फुटांचा लहान पत्राही टाकता येईल. माझा आग्रह मात्र असा, की सामान तेथे नेण्याआधी एकदा मुलांना बरोबर घेऊन ते निवडावे, कारण मोडकी सायकल आडोशामागे ठेवली तरी ती मोडकीच राहते.

ताटीमुळे जागा कमी होईल अशी शंका आपल्याला येईल, आणि ती स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात उलट घडते. जी जागा दारातून पूर्ण दिसते तिचा अंदाज डोळा एका क्षणात बांधतो. काही भाग दिसला नाही, की तेथे आणखी जागा असावी असे मन धरून चालते. ताटीच्या मागे एक केळ लावा. धुण्यातले शेवटचे, साबण कमी असलेले पाणी तिला मिळेल आणि ताटीच्या वरून तिची पाने डोकावत राहतील, म्हणजे पलीकडे काहीतरी आहे हे दारातूनच कळेल. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांना उष्ण वाऱ्यापासून जपण्यासाठी कडेने शेवरी किंवा उंच गवत लावतात. आपल्याकडे ते काम पश्चिमेची भिंत करेल. घड लागला की झाडाला टेकू द्यावा आणि बुंध्याशी एक-दोनच पिले ठेवावीत.

भिंतींना चुना आहे तो उन्हाळ्यात डोळ्यांवर येत असेल. पांढरी भिंत उष्णता परतवते हे खरे, पण तिची कड इतकी ठळक दिसते की जागा कोठे संपते हे ती सतत सांगत राहते. पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या भिंतींना फिकट मातकट किंवा राखाडी-हिरवा रंग द्यावा आणि पुढे वेल-झुडपे येऊ द्यावीत, म्हणजे भिंत मागे सरल्यासारखी वाटेल. पानांचीही निवड तशीच करावी. मोठ्या पानांची झाडे, म्हणजे अळू, लाल-पिवळ्या फुलांची कर्दळ, दाराजवळ ठेवावीत आणि बारीक पानांची लांब, कारण बारीक पान दुरून पाहिल्यासारखे दिसते. आपले भाग्य असे, की शेवग्याची पाने मुळातच बारीक आहेत आणि तो नेमका दूरच्या टोकाला आहे. त्याच्या आसपास गोकर्णाचा निळा, मोगऱ्याचा पांढरा असे शांत रंग ठेवावेत. लहान जागेत भिंतीवर आरसा लावावा असा सल्ला अलीकडे पुष्कळ ठिकाणी दिला जातो. आपल्याकडे तो कृपा करून अमलात आणू नये. दुपारचे ऊन आरशावरून परतून समोरची झाडे करपतात आणि चिमण्या-बुलबुल त्यावर आपटतात.

शेवगा काढू नये, अशी माझी आपल्या यजमानांना विनंती आहे. उन्हाळ्यातल्या दुपारनंतर सूर्य पश्चिमेकडून, किंचित वायव्येकडून येतो, म्हणजे हे झाड ज्या कोपऱ्यात हवे नेमके तेथेच उभे आहे, आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असल्याने ते आपले ऊनही अडवत नाही. असे नवे झाड वाढवायचे तर दोन-तीन वर्षे जातील. अळ्यांचा त्रास खरा आहे. त्या केसाळ अळ्या दिवसा खोडावर झुंडीने चिकटून असतात आणि अंगाला लागल्या तर खाज सुटते. त्यावर उपाय छाटणीचा. शेंगांचा बहर संपला की जूनच्या सुरुवातीला फांद्या निम्म्याहून अधिक छाटाव्यात. पावसाळ्यात झाडावर पाला कमी राहिल्याने अळ्यांना खायला कमी मिळते, झाड आटोपशीर राहते, शेंगा हाताला येतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नवी पालवी सावली धरते. तरीही खोडावर अळ्या दिसल्याच, तर अंगभर कपडे व हातमोजे घालून, मुलांना आत ठेवून, त्या लांब झाडूने बादलीतल्या साबणाच्या पाण्यात पाडाव्यात. एक लक्षात ठेवावे, की शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की झोका कोठे बांधायचा हा प्रश्न आपल्या घरातही निघेल. तो शेवग्याच्या फांदीला कदापि बांधू नये. मांडवाचे खांब रोवताना त्यांतले दोन जाड पाइपाचे घेऊन, काँक्रीटमध्ये दोन फूट खोल गाडून, वर पक्की लोखंडी तुळई जोडून घेतली, तर वर्षभर बंगई आणि आखाजीला झोका, अशी दोन्ही सोय होईल. हे काम वेल्डिंग जाणणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

पाण्याची फार चिंता करू नका. ठिबकची नळी आपल्या जिल्ह्यात कोठेही मिळते. पश्चिम आणि उत्तरेच्या पट्टीला मिळून एक नळी आणि तासाला ४ लीटर देणारे दहा-बारा ड्रिपर पुरतील. पाणी मात्र कुंडीखालच्या बशीत किंवा उघड्या भांड्यात साचू देऊ नये. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी कोरडी करावीत आणि पाखरांसाठी ठेवलेले पाणी रोज बदलावे.

आता सासूबाईंच्या बैठकीकडे येतो. पश्चिमेच्या भिंतीला लागून, शेवग्याच्या खोडापासून अडीच फूट सोडून, ६ फूट लांबीचा आणि दीड फूट रुंदीचा ओटा बांधावा. त्याची उंची नेमकी १६ ते १८ इंच असावी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यापेक्षा खाली बसले की उठताना आधार शोधावा लागतो, आणि त्यापेक्षा उंच असले की पाय लोंबकळतात. वर शहाबादी फरशी घालावी. आत तोडलेल्या कोब्याचे तुकडे भरले की विटांचा खर्चही वाचेल. ओट्याच्या पुढे चार फूट जागा मोकळी ठेवावी, म्हणजे समोर बाज टाकता येईल, भाजी निवडायला सुना-नातवंडे बसतील आणि माघात कोणी भरिताची वांगी भाजायला काढली तर विटांची तात्पुरती चूल मांडायलाही जागा राहील. चुलीची जागा भिंतीच्या वेलींपासून आणि शेडनेटपासून लांब, उत्तरेच्या मोकळ्या पट्ट्यात असावी. घरात जड लाकडी बाकडी किंवा लोखंडी खुर्च्या नव्याने घेऊ नयेत. हलकी बाज सावलीमागे उचलून नेता येते, खुर्च्या जेथल्या तेथे तापत राहतात.

पण ओटा कितीही चांगला झाला, तरी तेथपर्यंत जाता आले पाहिजे. आपल्या पत्रात मागच्या दाराच्या पायरीचा उल्लेख नाही, म्हणून मी आवर्जून विचारतो: ती किती उंच आहे? कोबा करताना बऱ्याच घरांत जमिनीची पातळी खाली राहते आणि दाराशी एकच फूट-सव्वा फुटाची पायरी उरते. तरुण माणसाला ती जाणवतही नाही, मात्र ७२ वर्षांच्या बाईंना रोज त्या पायरीशी थांबून चौकट धरावी लागते, आणि मग बाहेर जाण्याचे टाळणेच सोपे होते. जोत्याची उंची मोजा आणि ती सहा-सहा इंचांच्या पायऱ्यांत विभागा. पायरीची रुंदी किमान १२ इंच ठेवा, म्हणजे पूर्ण पाऊल बसेल, आणि कडेला फिक्या रंगाची एक पट्टी ओढा, जेणेकरून संध्याकाळी कड दिसेल. उतरताना ज्या हाताला जोर असतो त्या बाजूला तीन फूट उंचीचा पाइपाचा कठडा लावा. तो हात कोणता हे सासूबाईंनाच विचारावे.

रात्रीसाठी दारावरची ट्यूब बंद ठेवून शेवग्याच्या बुंध्याशी आणि ओट्याच्या कडेला पिवळसर प्रकाशाचे ३ ते ५ वॅटचे लहान दिवे लावावेत. दिवा दाराशी असला की दारापुढचेच तेवढे उजळते आणि मागचे सगळे काळोखात बुडते. दूरच्या टोकाला असला की नजर तेथपर्यंत जाते. पिवळ्या दिव्याला किडेही कमी येतात. वायरिंग जाणत्या वायरमनकडूनच, पाण्यापासून सुरक्षित करून घ्यावे.

कामाचा क्रम ठेवताना खर्च वर्षभर विभागता येईल. या रविवारी खडूच्या रेघा आणि सामानाची निवड, यांना काहीच पैसे लागत नाहीत. पाडव्याच्या आत पायऱ्या, कठडा आणि मांडवाचा सांगाडा उभा राहिला तर हा उन्हाळा शेडनेटखाली निभावेल. विटांची पायवाट आणि ओटा आखाजीपर्यंत झाला तर उत्तम, नाही झाला तर त्यावाचून काही अडणार नाही. तोवर भिंतीच्या सावलीत बाज टाकावी. मधुमालती, केळ आणि गोकर्ण मात्र घाई करून उन्हात लावू नयेत. जूनमध्ये दोन चांगले पाऊस पडून माती आतपर्यंत भिजली आणि शेवग्याची छाटणी उरकली, की त्याच आठवड्यात लावावीत.